हाऊसबोट तीन तास अडकली, मंगला एक्सप्रेस चुकली : पाण्यावरच्या प्रवासात हाताशी किती वेळ ठेवावा?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी आम्ही चौघं केरळला जाऊन आलो : मी, हे, आमची दहावीतली लेक आणि माझी आई. आईचं वय ६९. हाऊसबोटीत एक रात्र राहायची तिची फार वर्षांची इच्छा, म्हणून सहलीचा शेवटचा मुक्काम अलेप्पीला ठेवला. दुपारी बाराला बोटीत बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरायचं, टॅक्सीनं एर्नाकुलम गाठायचं आणि दुपारची मंगला पकडून थेट नाशिकरोड. अलेप्पी ते एर्नाकुलम पन्नास-पंचावन्न किलोमीटर, हातात चार तास. कागदावर सगळं नीट बसत होतं.

पहिला दिवस फार सुंदर गेला. बांधाच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्या पाण्याच्याही खालच्या पातळीवर भातशेती, हे आईनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी साडेपाचच्या आत बोट काठाला बांधली. मला वाटलं, अजून उजेड आहे, थोडं फिरवतील. पण बोट चालवणाऱ्या दादांनी सांगितलं की रात्री कोळी जाळी लावतात, म्हणून साडेपाचनंतर हाऊसबोटी हलवत नाहीत. सकाळी जाळी उचलली की निघायचं.

रात्रीत वारा फिरला. सकाळी बघतो तर आम्ही ज्या कालव्यात होतो त्याचं तोंड पाणवेलींनी बुजलेलं. पाणी दिसतच नव्हतं, मेथीचा वाफा असावा तसं हिरवंगार. बोट त्यात घातली, पन्नास-साठ फूट गेली आणि पंख्याला वेली गुंडाळल्या. एक मुलगा कोयता घेऊन पाण्यात उतरला, कापून काढल्या, पुन्हा निघालो, पुन्हा अडकलो. असं तीनदा. मग इंजिन तापलं, ते निवेपर्यंत थांबलो. जेटीला लागलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

गाडी गेली, ते एक वेळ ठीक. पण आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या आणि मोठ्या बॅगा आम्ही आदल्या दिवशी टॅक्सीवाल्याकडे ठेवल्या होत्या. तिची सकाळची गोळी बारापर्यंत घेतली गेली नाही. ती एका शब्दानं बोलली नाही, पण मला त्या तीन तासांत काही सुचत नव्हतं. पुढे रात्र लॉजवर, तत्काळ मिळालं नाही, तिसऱ्या दिवशी कल्याणपर्यंतची तिकिटं, लेकीची सराव परीक्षा बुडाली.

तक्रार करायला धागा काढलेला नाही. बोटीवरच्या माणसांनी जिवापाड मेहनत केली. मला समजून घ्यायचंय की पाण्यावर उशीर कशाकशानं होतो, आणि निघण्याआधी कोणाला काय विचारायचं. ज्यांनी नदी, कालवा, धरण, कुठेही बोटीनं प्रवास केलाय त्यांनी कृपया लिहा.

मेनरोडवाला

ताई, वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही फार मोठ्या मनानं घेताय. नऊची वेळ ठरली होती, त्यांनी पाळली नाही, तर निदान अर्धे पैसे परत मागायला हवे होते. पाणवेली काय एका रात्रीत उगवल्या? धंदा करतात तर त्यांना माहीत असायला हवं.

इंजिनघर

मेनरोडवाला दादा, पाणवेली एका रात्रीत उगवत नाहीत, पण एका रात्रीत येतात. त्या मुळांनी जमिनीला धरून नसतात, तरंगतात. वारा आणि प्रवाह नेईल तिकडे अख्खा गालिचा सरकतो. आपल्याकडे पुराच्या वेळी सायखेड्याच्या पुलाला किती अडकतात ते चांदोरी-सायखेड्याच्या लोकांना विचारा. आदल्या दिवशी मोकळं असलेलं पाणी दुसऱ्या सकाळी बंद, हे अगदी शक्य आहे.

इंजिन का तापलं तेही सांगतो. माझं सातपूरला डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीचं काम आहे. बोटीचं इंजिन बहुतेक वेळा बाहेरचंच पाणी ओढून थंड होतं. ओढणाऱ्या तोंडाला जाळी असते. वेलींच्या मुळ्या त्या जाळीवर बसल्या की पाणी कमी येतं आणि इंजिन तापतं. विहिरीतल्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह शेवाळानं बुजतो ना, तसंच. अशा वेळी ‘चालवा हो, आम्हाला गाडी आहे’ म्हणून मागे लागलं तर इंजिन जाम होईल आणि तीन तासांचे आठ होतील. त्यांनी थांबवलं ते बरोबर केलं.

पंख्यात काही अडकलं की इंजिन पूर्ण बंद करूनच माणूस पाण्यात उतरला पाहिजे. घाई झाली की नेमकी ही पायरी चुकते. त्या मुलाचा हात शाबूत राहिला हे तुमच्या सहलीचं मोठं सुख माना.

गोदाकाठची

इंजिनघर दादा, इंजिन तिन्ही वेळा बंद केलं होतं. मी स्वतः बघत होते.

केवडा

मी नऊ वर्षं कोट्टायमला होते, नवऱ्याची नोकरी तिथे. थोडं तिथलं सांगते.

वेंबनाड हे आपल्या देशातलं सगळ्यात लांब सरोवर. त्याच्या दक्षिण अंगाला कुट्टनाड, जिथे समुद्रसपाटीच्या खाली भात पिकतो. उन्हाळ्याकडे समुद्राचं खारं पाणी आत शिरून भात जळू नये म्हणून १९७०च्या दशकात तण्णीरमुक्कमला सरोवराच्या आरपार बंधारा घातला. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत त्याची दारं बंद ठेवतात. भात वाचतो, पण आतलं पाणी गोडं आणि साचलेलं राहतं, आणि पाणवेलींना नेमकं तेच मानवतं. खारं पाणी आत आलं की त्या मरतात. दारं कधी उघडायची यावरून शेतकरी आणि मासेमार यांचं दर वर्षी वाजतं. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच ते मिटत नाही.

ताई, तुम्ही गेलात तेव्हा दारं बंद होण्याचे दिवस होते. पुढच्या वेळी बोट ठरवताना फोनवर एवढं विचारा : ‘या आठवड्यात कोणत्या बाजूला पोळा जास्त आहे? रात्री बोट मोठ्या पाण्याच्या काठाला बांधाल की आतल्या कालव्यात?’ पोळा म्हणजे तिकडच्या भाषेत पाणवेल. हा शब्द वापरलात की समोरचा माणूस खरं बोलायला लागतो, हा माझा अनुभव. अरुंद कालव्यात रात्रीचा मुक्काम शांत असतो, पण सकाळी तोंड बुजलं की दुसरी वाट नसते.

अजून एक. नेहरू ट्रॉफीच्या सर्पनौकांच्या शर्यती पुन्नमडा तलावात असतात तेव्हा त्या बाजूची वाहतूक पार बदलते. त्या ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, असं सगळे धरून चालतात, पण २०२४ साली वायनाडच्या दरडीमुळे पुढे ढकलून २८ सप्टेंबरला घेतल्या आणि २०२५ साली ३० ऑगस्टला. तारीख बघूनच बुकिंग करा.

सिडकोकर

मी कामानिमित्त तीन वर्षं इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला होतो. तिकडे कालव्यांत फिरायला सात फुटांपेक्षाही कमी रुंदीच्या लांबलचक बोटी भाड्यानं मिळतात, नॅरोबोट म्हणतात. चालक देत नाहीत. अर्धा तास शिकवतात आणि बोट तुमच्या हातात. वेगमर्यादा ताशी चार मैल, म्हणजे काठानं भरभर चालणारा माणूस बोटीच्या पुढे जातो.

तिकडे उशिराचा हिशोब लोक निघण्याआधीच करतात आणि त्याचं एक ठोकळ गणित आहे. जायचे मैल आणि वाटेतली लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीननं भागायचं, तितके तास. बर्मिंगहॅम ते वूस्टर कालवा सुमारे ३० मैल आणि त्यात ५८ लॉक. बेरीज ८८, भागिले तीन, म्हणजे जवळपास २९ तास. गाडीनं तासाभराचा रस्ता. बोटीनं चार-पाच दिवस.

आम्ही तीन मित्र टार्डेबिगच्या चढणीला अडकलो होतो. तिथे सव्वादोन मैलांत ओळीनं ३० लॉक आहेत. आम्ही पहाटेच निघालो, म्हटलं गर्दीच्या आधी वर जाऊ. अकरावं की बारावं लॉक पार केलं आणि पुढे बघतो तर दोन लॉकांमधला कालवा रिकामा. मधे पाण्याची एक बारीक धार आणि दोन्ही बाजूंना काळा चिखल. रात्री कोणीतरी खालच्या लॉकची झडप पुरती बंद न करता निघून गेलं होतं. रात्रभर पाणी झिरपत खाली गेलं. आता वरच्या तळ्यातून, एकेक लॉक उघडत, हळूहळू पाणी खाली आणायचं. फार सोडलं तर वरचे टप्पे रिकामे होतात, थोडं सोडलं तर आम्ही हलत नाही. एक निवृत्त गृहस्थ स्वयंसेवक म्हणून आले, सोबत थर्मास. चार तास त्यांनी ते पाणी उतरवलं, आमच्याकडे त्र्यंबकेश्वरात अभिषेकाची धार धरतात तितक्या निगुतीनं. मी त्यांच्याबरोबर वरखाली चालत राहिलो. त्या चार तासांत कालवा म्हणजे काय ते मला कळलं, आधीच्या दोन दिवसांत नुसती बोट हाकत होतो.

माहेर_येवला

दादा, लॉक म्हणजे नेमकं काय? कुलूप?

सिडकोकर

ताई, बोटीचा जिना म्हणा. कालवा चढावर नेता येत नाही, पाणी खाली वाहून जाईल. म्हणून टप्पे करतात आणि दोन टप्प्यांच्या मधे बोट मावेल एवढा हौद, दोन्ही टोकांना दरवाजे. खालून बोट हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरच्या टप्प्याचं पाणी झडपेनं हौदात सोडायचं. पाण्याबरोबर बोट वर येते. पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो, त्याआधी तो कितीही ढकला, हलत नाही. मराठीत जलपाश असा शब्द आहे, पण मी तो बोलताना कोणाकडून ऐकलेला नाही.

मुख्य गोष्ट अशी की बोट खाली जावो की वर, दर वेळी एक हौद पाणी वरून खाली जातं. अरुंद लॉकला साधारण एक लाख लिटरच्या वर. ते पाणी वर कुठून तरी यायला हवं, आणि ते येतं डोंगरातल्या तलावांतून. म्हणजे आपल्या गंगापूर धरणाच्या आवर्तनासारखंच सगळं. तलावात पाणी नाही तर लॉकना टाळं. २०२५ च्या उन्हाळ्यात पाऊस कमी झाला तेव्हा लीड्स ते लिव्हरपूल या १२७ मैलांच्या कालव्याचा मोठा भाग बोटींना बंद होता. २०२२ मध्येही झालं होतं. उलटंही होतं. १ ऑगस्ट २०१९ ला व्हेली ब्रिज गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या, कालव्याला पाणी पुरवणाऱ्या जुन्या धरणाचा सांडवा पावसात फुटला, सुमारे दीड हजार लोकांना घरं सोडावी लागली.

पंचवटीकर काका

पोरांनो, वाचतोय सगळं. माझा प्रवास सहलीचा नव्हे, परिक्रमेचा, पण बोटीसाठी थांबण्याबद्दल आहे म्हणून लिहितो.

नर्मदामैया ओलांडायची नाही हा परिक्रमेचा नियम. मग दक्षिण तटावरून उत्तर तटावर जायचं तर जिथे ती समुद्राला मिळते तिथे समुद्रातून वळसा. विमलेश्वरहून नाव सुटते, पलीकडे मिठीतलाई. ही नाव घड्याळावर सुटत नाही, भरतीवर सुटते. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे आज पहाटे तर काही दिवसांनी टळटळीत दुपारी. काठाला गुडघाभर गाळ. पाणी चढलं नाही तर नाव हलत नाही आणि मधे पाणी उतरलं तर गाळात बसते.

मी तिथे दोन रात्री थांबलो. पहिल्या दिवशी चिडचिड झाली, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी नावाड्याशेजारी जाऊन बसलो. तो काठावरच्या एका खुंटाकडे बघत होता. म्हणाला, पाणी या खुणेला लागलं की बोलवीन. आपण नाशिकचे लोक काय करतो? पावसाळ्यात गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, तेच बघून येतो ना. मला एकदम बरं वाटलं. त्यानंतर मी कुठल्याही नावाड्याला ‘किती वाजता सुटणार’ विचारत नाही. ‘कशाची वाट बघताय’ असं विचारतो. उत्तर नेहमी नीट मिळतं.

गोदाकाठची

काका, हा प्रश्न मी लिहून ठेवला. त्या सकाळी मी दर दहा मिनिटांनी ‘कितना टाइम’ एवढंच विचारत होते, आणि ते बिचारे दर वेळी ‘टेन मिनिट’ म्हणत होते.

भटका_सिन्नरकर

वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांसाठी. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीनं जायला दीड तास धरा. उशीर बोटीमुळे कमी आणि माणसांमुळे जास्त होतो. वनखात्याची परवानगी, ओळखपत्रांच्या प्रती, बोटीत माणसं भरण्याची वाट, आणि संध्याकाळी गटातले दोघं गडावरच रेंगाळलेले. अंधाराच्या आत परतायचंच असतं, कारण जंगलात मुक्काम करू देत नाहीत. उन्हाळ्यात जलाशय खाली गेला की बोट काठापासून लांब उभी राहते आणि चिखलातून चालण्यात वेळ जातो. आम्ही त्या रात्री पुणे-नाशिक बसचं बुकिंग केलं होतं. पुन्हा करणार नाही.

गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर जाणाऱ्यांनीही उन्हाळ्यात सकाळची वेळ धरावी. दुपारनंतर वारा सुटतो आणि उघड्या पाण्यावर लाटा उठतात, मग बोटी थांबवतात. थांबवल्या तर वाद घालू नका.

रानजाई

माजुली, आसामातलं ब्रह्मपुत्रेतलं बेट. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून ब्रह्मपुत्रेतून फेरी. हिवाळ्यात दोन गोष्टी : सकाळचं धुकं, आणि पाणी उतरल्यामुळे वर आलेली वाळू. वाळूची बेटं दर वर्षी जागा बदलतात, म्हणून बोट सरळ न जाता लांबून वळसे घेते. काही ठिकाणी बांबूचे ताटवे पाण्यात रोवलेले दिसले. ते प्रवाह एका वाटेनं वळवायला लावतात, म्हणजे तेवढीच वाट खोल राहते.

तिकडे सूर्य फार लवकर मावळतो, साडेचारलाच. त्यामुळे शेवटची फेरी आपल्या अंदाजापेक्षा खूप आधी असते. माझी चुकली आणि एक रात्र घाटाजवळ काढावी लागली. ८ सप्टेंबर २०२१ ला याच घाटाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन मोठा अपघात झाला होता. ते आठवलं की अंधारात बोट सोडा असं मी कोणाला म्हणणार नाही.

मेनरोडवाला

सगळं वाचलं. पैसे परत मागण्याचा माझा मुद्दा मागे घेतो. पण एक म्हणणं राहतं. बुकिंग घेताना ‘नऊला उतरवतो’ असं छातीठोक सांगू नये. ‘पाण्यावर अवलंबून’ असं सांगितलं असतं तर ताईंनी गाडी दुसऱ्या दिवशीची घेतली असती. एवढं सांगायला पैसे लागत नाहीत.

केवडा

हे मात्र खरं आहे. आणि गिऱ्हाईक पळेल म्हणून कोणी सांगत नाही, हेही खरं. म्हणून आपणच विचारायचं.

ताई, रेल्वेचं एक. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि मंगला एर्नाकुलमहून बरीच लवकर, सकाळीच निघते. त्या काळात हाऊसबोटीतून उतरून तीच गाडी पकडणं बोट वेळेवर आली तरी जमत नाही. माझ्या नणंदेचं तसं झालं होतं. अलेप्पी-एर्नाकुलम हमरस्त्यावरही उन्नत मार्गाच्या कामामुळे अरूरच्या बाजूला तासन् तास अडकलेले लोक मला माहीत आहेत. त्यामुळे बोट सहलीच्या मधे घाला, शेवटी नको. बोटीनंतर एक रात्र जमिनीवर.

माहेर_येवला

आणि औषधं, चष्मा, एक जोडी कपडे, पाण्याची बाटली, चार दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, हे सगळं एका पिशवीत आणि ती पिशवी खांद्याला. बॅगा कुठेही जाऊ देत. लहान मूल असेल तर त्याचं दूध दुप्पट. माझी आजी होडीतून माहेरी जायची तेव्हापासून आमच्या घरात हा नियम आहे.

सिडकोकर

गोदाकाठची ताई, आईंची तब्येत आता कशी आहे?

गोदाकाठची

छान आहे. त्या दिवशी गोळी मिळाल्यावर तासाभरात बरी झाली होती. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मी एकेक उत्तर तिला वाचून दाखवलं. काकांचं दोनदा.

एक गोष्ट मी धाग्यात लिहिली नव्हती. त्या तीन तासांत मी घड्याळ बघत होते, हे फोन लावत होते, लेक रडवेली झाली होती. आई पुढच्या टोकाला खुर्ची टाकून बसली होती. काठावरच्या घरातली एक बाई भांडी घासायला पायऱ्यांवर आली आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना त्यांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं. त्या बाईनं नंतर छोट्या होडीतून आम्हाला उकडलेला कंद आणि हिरव्या मिरचीची चटणी आणून दिली. आई अजून त्या चटणीबद्दल बोलते.

परवा ती सायखेड्याला मावशीकडे गेली होती. पुलावरून फोन केला, म्हणाली, ‘अगं, इथेही आहेत त्या तुझ्या पाणवेली. फुलं आलीत जांभळी.’

लेकीची परीक्षा मार्चमध्ये संपते. आम्ही पुन्हा जातोय, एप्रिलमध्ये. उकडेल, पण आईला थंडीपेक्षा ते चालतं. बोट तिसऱ्या दिवशी, नंतर दोन रात्री कोचीत, मग मंगला. बोटवाले तेच, मी मुद्दाम त्यांनाच फोन केला. पोळा कुठे आहे असं विचारलं तर ते हसले आणि पाच मिनिटं सविस्तर सांगत राहिले. बोट रात्री मोठ्या पाण्याच्या काठाला बांधणार आहेत. फक्त आईचं म्हणणं आहे की सकाळी त्या बाईच्या पायऱ्यांवरून बोट न्यायला सांग. ते घर कोणत्या कालव्यात होतं हे त्यांना आठवतंय, मी विचारलंय.